साकळलेल्या रक्ताची फेरपाहणी

संपादक महोदयांनी मला 'न्यायालयातील गमतीजमती' या विषयावर लिहिण्याची विनंती केली. त्या विनंतीला मी लेखी हरकत घेतली. ज्या इमारतीत माणसे जमीन, अब्रू आणि कधी कधी उरलेले आयुष्य पणाला लावून बाकांवर बसलेली असतात, तेथे गमती घडतात हे खरे. परंतु त्या गमती बाकांवर बसलेल्यांच्या नसतात. संपादकांनी उलट टपाली 'आपणांस योग्य वाटेल ते लिहावे' असे कळवले. ते पत्र मी जपून ठेवले आहे. सबब, या लेखाची जबाबदारी माझी असली तरी परवानगी त्यांची आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील न्यायालयांत भाषांतरकार होतो आणि गरज पडेल तेव्हा साक्षीदाराच्या शेजारी दुभाष्या म्हणूनही उभा राहत असे. जन्म उमरखेडचा. शाळेत शेजारच्या बाकावर तांड्यांवरची मुले असत, त्यामुळे बंजारा समाजाची गोरबोली मला शिकावी लागली नाही, ती आपसूक अंगी लागली. वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर आमच्या घरातील देव्हारा निघाला व त्या जागी पुस्तकांची फळी आली. त्या फळीवर कायद्याची पुस्तके सर्वांत वर असत. ही माहिती अवांतर वाटेल, पण पुढील हकिकतीत तिचा संबंध येतो.

भाषांतरकार दिवसभर कायद्याचीच भाषा उलथीपालथी करतो असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात फौजदारी न्यायालयात त्याच्या टेबलावर सर्वांत अधिक येतात ते जखमांचे दाखले आणि शवविच्छेदनाचे अहवाल. डॉक्टर इंग्रजीत लिहितो, आरोपी मराठीत ऐकतो, आणि मधल्या जागेत दुखापत 'साधी' की 'गंभीर' हे ठरते. शिक्षेचा आकडा त्यावर अवलंबून असतो. त्यामुळे मुका मार कोणता, खरचटणे कोणते, फाटलेली जखम कोणती आणि कातडीखाली रक्त साकळणे म्हणजे हेमॅटोमा कोणता, हे मला नेमके माहीत असणे भाग होते. मी वैद्यकाचा एक दिवसही विद्यार्थी नव्हतो. परंतु शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना मी इतक्या लेखी शंका पाठवल्या की त्यांतील एकाने अखेर वैतागून मला आपली जुनी पाठ्यपुस्तके देऊन टाकली.

निवृत्तीनंतर त्या पुस्तकांचा उपयोग न्यायालयाबाहेर होऊ लागला. ओळखीची, बिनओळखीची माणसे सोनोग्राफीचे कागद घेऊन माझ्या उमरखेडच्या घरी येऊ लागली. सर्वांचा प्रश्न एकच असे : "सायेब, गाठ हाय म्हनते. आता किती दिवस?" मी प्रथम चिडतो, मग समजावतो. फिर्यादीत 'अज्ञात इसम' असे लिहिलेले असते ना, तसा अहवालातला 'मास' हा शब्द. येथे काहीतरी आहे, एवढेच तो सांगतो; नाव-गाव अजून कळलेले नाही. 'ट्यूमर' म्हणजे नको तिथे झालेली वाढ. ती आरोपी आहे, गुन्हेगार नव्हे. कित्येक ट्यूमर आयुष्यभर एका जागी बसून कोणाचेही वाकडे करत नाहीत. पाण्याने भरलेली पिशवी असेल तर सिस्ट, पू भरला असेल तर गळू, रक्त जमले असेल तर हेमॅटोमा. आणि सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जो शब्द लिहितात, तो निकाल. त्याआधीचे सारे तपासाधीन. असे सांगितले की माणसाच्या चेहऱ्यावर रक्त परतते. मात्र एवढ्या साध्या स्पष्टीकरणासाठी रुग्णाला निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्याचे दार का ठोठावावे लागते, हा प्रश्न मी आरोग्य खात्यास वारंवार विचारला आहे. 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे' असे उत्तर येते. पत्र वर्ग होत राहते, रोगी येत राहतात.

आता सोनाबाईंची हकिकत.

सोनाबाई राठोड या फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरच्या. मी त्यांना प्रथम पाहिले ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. त्यांच्या नवऱ्याला शेतातील पाण्याच्या भांडणात डोक्यावर काठी बसली होती. तो माणूस स्वतःच्या पायांनी घरी आला, भाकर खाल्ली, बायकोशी बोलला, झोप येते म्हणून लिंबाखाली आडवा झाला आणि नंतर उठलाच नाही. आरोपीच्या वकिलांचा सारा भर एका मुद्द्यावर होता : जो चालला, जेवला, बोलला, त्याला लागलेला मार जीवघेणा कसा? डॉक्टरांनी साक्षीत सांगितले की कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त हळूहळू साकळत गेले. कवटी हाडाची, तिला पसरता येत नाही, म्हणून दाब मेंदूवर आला. मी ते मराठीत सांगितले. मागच्या बाकावर सोनाबाई बसल्या होत्या. आरोपीला शिक्षा झाली. परंतु त्या दिवशी न्यायालयातून सोनाबाई जे घेऊन गेल्या ते निकालपत्र नव्हते. रक्त एका जागी साकळले की माणूस मरतो, हे एक वाक्य त्या घेऊन गेल्या.

नंतर मी निवृत्त झालो. पुष्कळ काळाने त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. सोबत मुलगा बळीराम. बैलाने मान झटकली तेव्हा शिंगाचा फटका त्यांच्या छातीवर बसला होता. स्तन काळानिळा पडला, सूज आली, म्हणून उमरखेडलाच सोनोग्राफी केली होती.

"डाक्टरीन बाई हासून म्हने, घाबरू नका, रक्तच साकळलं हाय," बळीराम सांगत होता; गोरबोलीत याडी म्हणजे आई. "आन् हे आयकल्याबरोबर याडी तिथंच रडाले लागली. डाक्टरीनबाईले समजंना का काहून रडते."

सोनाबाईंनी मला थेट विचारले, "सायेब, त्यायचं झालं तेच मले झालं ना? सांगा. तुमीच सांगतलं होतं कोर्टात."

मी त्यांना पाणी दिले आणि कवटी व छाती यांतील फरक समजावला. डोक्यात हाड आहे, जागा नाही. छातीत मांस आहे, जागा आहे. तेथले रक्त शरीर हळूहळू शोषून घेते. त्यांचा श्वास मोकळा झालेला मला दिसला. परंतु माझा झाला नाही, कारण मी अहवालाच्या शेवटच्या ओळीपर्यंत आलो होतो. तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते की साकळलेल्या रक्ताखाली दुसरी गाठ असण्याची शक्यता नाकारता येत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

ही ओळ मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, मराठीत कागदावर लिहून दिली आणि बळीरामकडून म्हणवून घेतली. त्याने म्हटली. "आनतो ना सायेब, आनतो." ते गेले. त्याच दिवशी मी तपासणी केंद्रास आणि आरोग्य अधिकाऱ्यांस पत्र लिहिले की, ज्या ओळीवर रुग्णाचे जीवित अवलंबून आहे ती ओळ तरी राज्याच्या राजभाषेत, ठळक अक्षरांत छापली जावी. अन्यथा ती रुग्णास कळवली असे कायद्याने मानता येणार नाही. पोच मिळाली. उत्तर अद्याप यायचे आहे.

ते आठवडे उलटून गेले. बळीराम आला नाही. मी पत्र पाठवले. उत्तर नाही. फोन केला.

"याडी लय चांगली हाय, सायेब! सूज पुरी उतरली. देवीले बोललो होतो, भोग बी लावून टाकला. तुमच्यासाठी परसाद ठेवला हाय."

भोग लावणे म्हणजे अग्नीत गोड लापशी व तूप अर्पण करून देवीचे आभार मानणे. सारा तांडा त्याला हजर असतो. मी फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आले की माझ्या पत्रातील एकाही कलमाने हे प्रकरण आता उघडणार नाही. देवीने बरे केले म्हणून आभार मानून झाल्यावर पुन्हा तपासायला जाणे म्हणजे देवीवर अविश्वास दाखवणे. ज्या कागदात मी ठळक अक्षरे मागत होतो, त्याच्यावर तांड्याने आपल्या हाताने निकाली शेरा मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने फुलसावंगीला उतरलो व तेथून ऑटोने तांड्यावर गेलो. सोनाबाई अंगणात तुरीच्या काड्यांची मोळी बांधत होत्या.

"बेस, भाऊ, बेस," त्यांनी बाज पुढे सरकवली. "येवढ्या उन्हात काहून आले? पोरानं फोनवर सांगतलं ना?"

"सांगितले. म्हणूनच आलो. सूज गेली?"

"गेली."

"काळेनिळेपण?"

"ते बी गेलं."

"आणि खाली हाताला काही लागते का?"

त्यांनी मोळीची गाठ पुन्हा आवळली. "लागते. पन दुखत नाई."

दुखत नाही म्हणजे भीती नाही, असे सगळीकडे मानले जाते. मी वाचलेले अहवाल याच्या उलट सांगत आले आहेत. मार लागलेली जागा दुखते आणि दिवसागणिक विरघळते. न दुखता, न सरकता, कडक राहणारी गाठ पाहिली की डॉक्टर घाई करतात.

तेवढ्यात मोटारसायकलवरून देवसिंग नायक आला. तो सोनाबाईंचा धाकटा दीर आणि तांड्याचा प्रमुख. तांड्याची पंचायत, जिला ते नसाब म्हणतात, त्याच्या शब्दाने चालते.

"राम राम, सायेब. तुमचं पत्र भेटलं बळीरामले. लय कलमं होती त्याच्यात."

"कलमे होती म्हणूनच वाचायची होती. यांना तपासायला का नेले नाही?"

"भोग लावला ना."

माझा तोल सुटला. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, येथपासून मी सुरुवात केली आणि बराच वेळ थांबलो नाही. शेजारपाजारच्या बाया दारांत येऊन ऐकू लागल्या. नायकाने सारे शांतपणे ऐकून घेतले.

"सायेब, संविधान मी बी मानतो. ग्रामपंचायतीत मेंबर हाय मी. पन भोग लावला तवा सारा तांडा बसला होता. आता भाबीले परत मशिनीखाली नेलं त लोक म्हनतीन, नायकाचाच देवीवर भरोसा नाई. आन् देवी कोपली त कोनाच्या घरात शिरन? तुमच्या त घरात देवच नाई!"

बाया खदखदून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "कोर्टातले मास्तर हाय ते. आता आपल्यालेच तारीख देऊन जातीन."

मी अपमानित होऊन उठलोही होतो. इतक्यात तांड्याचा कारभारी, म्हणजे नायकाचा मदतनीस, घाईने आला. "नायक, त्या दोघा भावांच्या धुऱ्यावर जाऊन याचं हाय ना? ऊन चढून राह्यलं."

"चाल, आलोच."

माझ्यातला न्यायालयीन कर्मचारी अशा वेळीही गप्प बसत नाही. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मी विचारले, "कसले प्रकरण?"

"दोन भावांचं धुऱ्यावरून भांडन होतं," नायक म्हणाला. "नसाब बसली, धुरा ठरोला, गोटा गाडला. दोघायनं गूळ खाल्ला. मिटलं."

"मिटले, तर आता कशासाठी जाता?"

"पाहनी कराले. गोटा तिथंच हाय का कोनं सरकोला."

"म्हणजे नसाबचा निकाल खोटा होता?"

नायक चिडला. "निकाल खोटा कायले असन? निकाल बराबर हाय. निकालानंतर पाहनी करूच लागते. त्याच्यानं निकाल का खोटा होते?"

हे बोलून तो थांबला. मी एक अक्षर उच्चारले नाही. साक्षीदाराने स्वतःहून दिलेल्या कबुलीनंतर जो वकील आणखी एक प्रश्न विचारतो, तो खटला घालवतो.

शांततेचा भंग सोनाबाईंनी केला. "पाय देवसिंग, आता माया छातीतला धुरा सरकला का तेवढाच पाहाचा राह्यला."

"भाबी, काई बी बोलतं तू," असे म्हणत नायकाने मान खाली घातली, पण त्याला हसू आवरले नाही. मग बराच वेळ तो दुपट्ट्याचे टोक बोटाला गुंडाळत बसला. "देवीपुढं सांगू लागन," अखेर तो म्हणाला. "पाहनीले चाललो म्हनून. तपासाले नाई."

"शब्द तुम्ही ठरवा," मी म्हणालो, "गाडी मी ठरवतो."

उमरखेडच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाहिले. साकळलेले रक्त पूर्ण गेले होते. त्याच्या आडून जे दिसू लागले होते त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. अहवालात आता 'मास' हा शब्द आला. अज्ञात इसम. यवतमाळला नेऊन सुईने तुकडा काढला आणि निकालाची वाट पाहणे सुरू झाले.

सबंध नोकरीत मी शेकडो निकालांच्या वेळी हजर होतो. मात्र पक्षकार कधीच नव्हतो. या वेळी झालो होतो. गाठ निरुपद्रवी निघाली असती तर त्या तांड्यावरची कोणतीही बाई पुन्हा फेरतपासणीला गेली नसती. सारे म्हणाले असते, कोर्टातल्या मास्तरने उगीच देवीची परीक्षा पाहिली. हे दिसत असूनही मी तेच मागत होतो. माझे म्हणणे खोटे ठरावे, मला तांड्यावर तोंड दाखवायला जागा राहू नये, असे मी कोणाकडे मागत होतो हे मला सांगता येणार नाही. आमच्या घरात मागण्यासारखे कोणी नाही. बायको म्हणाली, "एवढं घाबरता तं जाऊन बसा त्यायच्यापाशी." मी गेलो.

निकालाच्या दिवशी आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. डॉक्टरांनी 'नातेवाईक कोण?' असे विचारून बळीराम व नायक यांनाच आत बोलावले. रुग्ण बाहेर. ही पद्धत मला सदैव संतापजनक वाटत आली आहे. आरोपीच्या गैरहजेरीत निकाल वाचता येत नाही, पण रोग्याच्या गैरहजेरीत तो सर्रास वाचला जातो. दोघे बाहेर आले. बळीरामच्या हातात कागद होता आणि तो आईकडे पाहत नव्हता.

नायकाने मला खांबाआड घेतले. "सायेब, क्यान्सर हाय. ऑपरेशन कराव लागते, नागपूरले. भाबीले सांगू नका. रक्तच हाय, तेवढं काढून टाकतेत, असं सांगू. आयकलं त ते जागीच जाईन. येवढं खोटं चालते, सायेब."

"ऑपरेशनच्या संमतीवर सही कोणाची लागेल?"

"तिचीच."

"कशासाठी आहे हे न सांगता घेतलेली सही ही सही नव्हे, नायक."

"तुमी कोर्टात नाई आता," तो कळवळून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तो दुष्टपणाने बोलत नव्हता. ज्या घरातला एक भाऊ असा गेला, त्या घरात दुसरा निकाल कोण वाचणार, एवढीच त्याची भीती होती.

"देवसिंग," सोनाबाई बाकावरून म्हणाल्या, "खांबाले सांगून झालं असन तं मले सांग." मग त्यांनी बळीरामच्या हातातून कागद घेतला आणि माझ्यापुढे धरला. "भाऊ, वाचा. हायेच तसं वाचा."

मी वाचले. त्यांना उभ्या उभ्या ऐकावे लागू नये म्हणून शेजारी बसलो. गोरबोलीत सुरू केले आणि मराठीत पूर्ण केले. कर्करोग आहे. गाठ लहान आहे. काखेत गेल्याचे दिसत नाही, पण ते ऑपरेशनच्या वेळीच नक्की कळेल. उपचार आहे, लांबचा आहे, कठीण आहे.

त्यांनी कागदाची घडी घातली. "मारानं झालं?"

"नाही. मार लागल्यामुळे सापडले. ते आधीपासून होते."

"मंग बैलानं हानलं नसतं तं?"

याचे उत्तर त्यांनीच दिले.

"दुखतच नवतं. हातच गेला नसता मावा तिकडं." त्या दिराकडे वळल्या. "देवसिंग, कायले रडतं? भोग वाया नाई गेला. बैल तिनंच पाठोला असन."

या युक्तिवादातील दोष मला तत्काळ दिसले. क्रमवार मांडताही आले असते. मी ते मांडले नाहीत. नायकाने दुपट्ट्याने तोंड पुसले, आणि बळीराम आईच्या पायाशी बसून मोठ्याने रडू लागला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ऊठ. नागपूरची गाडी कवा हाय ते पाय. आन् सही कुठं कराव लागते ते इचार. मले लिवता येते मावं नाव."

ऑपरेशन झाले. काखेतील एका ठिकाणी थोडेसे सापडले. त्यासाठीची औषधे सुरू आहेत. केस गेले, जेवण जात नाही, तरी प्रत्येक अहवाल आधी त्यांच्या हातात येतो आणि मग माझ्या. डॉक्टर 'आशा आहे' म्हणतात. हा शब्द मी आजवर अनेक कागदांतून मराठीत आणला आहे. त्याचे वजन किती, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

पुढची मोठी तपासणी दिवाळीनंतर आहे. रोज सकाळी टपालाची पिशवी तयार करताना माझा हात आपोआप कोऱ्या कागदाकडे जातो. संबंधित अधिकारी, विषय, संदर्भ, एवढे लिहून होते. तेथून पुढे, सोनाबाई बऱ्या व्हाव्यात या एका मागणीचे पत्र कोणाच्या नावे लिहावे, हे मला कळत नाही.